युद्धातील नुकसानीचा जमाखर्च : मुंबई गोदीतील स्फोट, १९४४

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि दुसऱ्याच दिवसापासून कापडाच्या गादीवर बसलो. परंतु व्यापाऱ्याच्या घरी इतिहास वेगळ्या रूपाने सांभाळलेला असतो. तो ग्रंथांत नसतो. लाल कापडात बांधलेल्या वह्यांत असतो. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी जुन्या वह्यांवरची धूळ झटकताना आजोबांच्या एका खतावणीत मला 'मुंबई आग खाते' असे शीर्षक आढळले. याच खात्याचा अर्थ शोधताना जे वाचले, जे समजले, ते वाचकबंधू-भगिनींपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

खात्यातील नोंद अवघ्या चार ओळींची आहे. मुंबईहून घेतलेल्या कापडाच्या दोन गाठी रेल्वेने रवाना होण्यापूर्वी मशीद बंदर परिसरातील एका गुदामात पडून होत्या. १९४४ च्या एप्रिल महिन्यात त्या जळाल्या. आजोबांनी त्यांची किंमत बुडीत म्हणून लिहिली नाही. त्यांनी लिहिले : 'सरकारकडे येणे'. पुढे दोन वर्षांनंतर त्यातील काही रक्कम आडत्यामार्फत जमा झाल्याची नोंद आहे आणि उरलेली रक्कम वटाव म्हणून काढून टाकली आहे.

'सरकारकडे येणे' या दोन शब्दांवर मी बराच काळ थांबलो. युद्धकाळात प्रजेचे घरदार आणि मालमत्ता नष्ट झाली, तर ते सरकारचे देणे ठरते काय? की सरकारने जे दिले ते कृपा म्हणून स्वीकारायचे? आपल्या भाषेत सांगायचे तर ही रक्कम 'देणे' खात्यात लिहावयाची की 'धर्मादा' खात्यात? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नावर पुण्यापासून लंडनपर्यंतची न्यायालये सुमारे दीडशे वर्षे झगडत राहिली, हे वाचल्यावर मन थक्क झाले.

गोदीतील ती दुपार

दुसऱ्या महायुद्धाचे ते पाचवे वर्ष होते. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेलेला होता. मुंबई बंदर हे पूर्वेकडील युद्धाचे एक प्रमुख रसदकेंद्र बनले होते. 'फोर्ट स्टायकीन' हे सात हजार टनांहून अधिक वजनाचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईस पोहोचले. व्हिक्टोरिया गोदीत ते उभे राहिले. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, सुटे भाग करून पेटाऱ्यांत भरलेली लढाऊ विमाने होती आणि सोन्याच्या विटाही होत्या. कराचीला त्यात रुईच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार लोखंड यांची भर पडली. स्फोटकांच्या शेजारी कापूस ठेवण्यास कप्तान नाइस्मिथ यांनी नापसंती दर्शविली होती. परंतु युद्धकाळात जहाजांत जागा अपुरी, आणि माल तर पोहोचवायलाच हवा, म्हणून तो चढविला गेला.

आपण खानदेशातील माणसे. कापूस म्हणजे काय ते आपणांस सांगावयास नको. जिनिंगमध्ये दाबून बांधलेल्या गाठीत ठिणगी शिरली, तर ती बाहेरून दिसत नाही. आत धुमसत राहते. पाणी मारले तरी बाहेरचा थर भिजतो आणि गाभा जळतच असतो. धुळे, जळगाव, अमळनेरच्या जिनिंगमध्ये ज्यांनी आयुष्य घालविले, त्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक असते. फोर्ट स्टायकीनच्या तळाशी नेमके हेच घडले.

शुक्रवार, दिनांक १४ एप्रिल. दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर येत असल्याचे लक्षात आले. अग्निशमन दलाचे बंब आले, जहाजात शेकडो टन पाणी ओतण्यात आले. जहाज जागीच बुडवावे की गोदीबाहेर ओढून न्यावे, याचा निर्णय कोणी घ्यावयाचा हेच ठरले नाही. दोन तास गेले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने त्याहूनही मोठा दुसरा. सतराशे किलोमीटर दूर असलेल्या सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. जळता कापूस आकाशात उडाला आणि मांडवी, मशीद बंदर, डोंगरी या भागांवर अग्निवर्षाव झाल्यासारखा कोसळला. शेजारची जहाजे बुडाली. 'जलपद्म' या जहाजाचा भाग तर उचलला जाऊन गोदीच्या शेडवर जाऊन पडला.

मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळा सांगितला जातो. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मृतीसाठीच आपल्या देशात दरवर्षी १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. हजारो व्यापारी पेढ्यांना झळ पोहोचली आणि सुमारे ५०,००० लोकांचा रोजगार गेला. मांडवी भाग म्हणजे धान्य, मसाले, किराणा यांची पेठ. तेथे कच्छी आणि गुजराती व्यापाऱ्यांची, त्यांत आपल्या कित्येक समाजबांधवांची गुदामे खाली आणि बिऱ्हाडे वर, अशी वस्ती होती. एका संध्याकाळी पेढी गेली आणि घरही गेले.

युद्धकाळातील निर्बंधांमुळे या घटनेची वार्ता लगेच बाहेर पडू दिली गेली नाही. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर वृत्त दिले. आपल्याकडून मात्र परदेशी वृत्तपत्रांना बातमी पाठविण्याची अनुमती मिळण्यास मे महिना उजाडला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लिओनार्ड स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. आठ हजार माणसे सात महिने राबली. सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसून गोदी पुन्हा सुरू करण्यात आली.

हे नुकसान कोणत्या खात्यात?

आता भरपाईचा प्रश्न. ज्यांचे नुकसान झाले त्यांनी कोणाकडे जावे?

युद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थान सरकारने १९४० मध्ये मालाच्या युद्धजोखीम विम्याचा वटहुकूम काढला होता आणि १९४२ मध्ये कारखान्यांसाठी तसाच दुसरा वटहुकूम काढला होता. व्यापाऱ्याने हप्ता भरावयाचा आणि शत्रूच्या हल्ल्यात माल गेला तर सरकारने भरपाई करावयाची, अशी ती व्यवस्था होती. या दोन वटहुकमांच्या नावांकडे लक्ष द्यावे. एकात 'माल' आहे, दुसऱ्यात 'कारखाने' आहेत. 'घर' हा शब्द कोठेच नाही. याच सुमारास खुद्द इंग्लंडमध्ये पार्लमेंटने १९४१ चा युद्धहानी कायदा केला. बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घरांच्या मालकांना भरपाई देण्यासाठी त्यात स्वतंत्र आयोग नेमला गेला होता. एकाच बादशहाची प्रजा. परंतु लंडनच्या घराला कायद्याचे छत्र होते आणि मांडवीच्या घराला नव्हते.

त्यातून मुंबईच्या आगीने आणखी एक पेच निर्माण केला. युद्धजोखमीचा विमा होता तो शत्रूच्या कृत्यासाठी. येथे शत्रू आलाच नव्हता. जहाज आपले, दारूगोळा आपला, गोदीही आपलीच. मग साधा आगीचा विमा? त्यात स्फोट आणि युद्ध यांपासून होणारे नुकसान सहसा वगळलेले असे. म्हणजे ही आग युद्धाचीही नव्हे आणि साधीही नव्हे! आपल्यापैकी ज्यांनी विम्याचे दावे लढविले आहेत, त्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही. पॉलिसी घेताना सर्व काही तिच्यात असते आणि दावा करताना नेमके आपलेच नुकसान तिच्याबाहेर असते.

या पेचातून मार्ग काढण्यासाठी सरकारने १९४४ मध्येच 'मुंबई स्फोट (नुकसानभरपाई) वटहुकूम' काढला. सरकारने दुर्घटनेची जबाबदारी स्वीकारली आणि मालमत्तेच्या हानीचे दावे दाखल करणाऱ्या नागरिकांना पैसे दिले. त्या काळच्या परकीय सरकारचा विचार करता ही गोष्ट लहान नव्हे आणि तिचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आजोबांच्या वहीतील जमा रक्कम बहुधा याच मार्गाने आली असावी.

तरीही मूळ प्रश्न राहतोच. वटहुकूम म्हणजे राज्यकर्त्याचा आदेश. तो काढला म्हणून पैसे मिळाले. काढला नसता तर? त्या परिस्थितीत मांडवीच्या व्यापाऱ्याला न्यायालयात जाऊन 'हे माझे येणे आहे' असे म्हणता आले असते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस एक शतकाहून अधिक मागे, पुण्यास जावे लागते.

पुण्याचा जुना दावा

ज्या युद्धाने पेशवाई संपली, त्याच युद्धाने खानदेशही इंग्रजी अमलाखाली आला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले. त्या १८१८ सालची ही गोष्ट आहे. पेशव्यांच्या पदरी असलेले नारो गोविंद औटी ऊर्फ नारोबा यांच्याकडे रायगडची व्यवस्था होती. रायगड इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावर नारोबा पुण्यास आले. पुण्यात इंग्रजांचा अंमल बसून कित्येक महिने लोटले होते. त्या वेळी कॅप्टन रॉबर्टसन या अधिकाऱ्याने त्यांना अटकेत टाकले आणि त्यांच्याकडील द्रव्य व ऐवज जप्त केला. हे धन पेशव्यांचे, म्हणून युद्धातील लूट, अशी इंग्रजांची भूमिका होती. हे आपले खासगी धन, असे नारोबांचे म्हणणे होते.

नारोबांच्या निधनानंतर त्यांच्या इस्टेटीच्या व्यवस्थापकांनी दावा पुढे चालविला. त्यांत अमरचंद बद्रीचंद या सावकारांचे नाव प्रमुख आहे. प्रतिवादी साधेसुधे नव्हते. दख्खनचे कमिशनर आणि पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हेच प्रतिवादी होते. विशेष असे की, मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल सावकारांच्या बाजूने दिला! विजेत्या गव्हर्नराविरुद्ध जिंकलेल्या प्रदेशातील एका सावकाराने इंग्रजांच्याच न्यायालयात दावा जिंकावा, ही त्या काळी सामान्य घटना नव्हती.

परंतु अपील लंडनला गेले. १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरविला. कारण थोडक्यात असे : जप्ती झाली तेव्हा युद्ध पुरते संपलेले नव्हते, म्हणून ती युद्धातील जप्ती होय, आणि युद्धातील जप्तीविषयी नागरी न्यायालयास विचारच करता येत नाही. धन पेशव्यांचे की नारोबांचे, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरला. 'युद्ध' हा शब्द उच्चारताच न्यायालयाचे दार बंद झाले.

कायद्याचे विद्यार्थी हा खटला 'एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद' या नावाने आजही वाचतात. आपणां व्यापाऱ्यांसाठी त्याचा अर्थ सोपा आहे. युद्धात राजाने नेलेली वस्तू वहीत 'येणे' म्हणून लिहिता येत नाही.

रंगून आणि लंडन

पुण्याच्या निकालानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा लंडनमध्ये उभा राहिला. या वेळी निमित्त होते रंगूनचे. युद्धापूर्वी रंगून हे जवळजवळ हिंदी माणसांचेच शहर होते. १९३१ च्या जनगणनेनुसार तेथील निम्म्याहून अधिक लोकवस्ती हिंदी होती. तमिळ चेट्टियार सावकार, गुजराती आणि मारवाडी व्यापारी, तेलुगू हमाल, बंगाली कारकून अशी सर्व प्रांतांची माणसे तेथे होती. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्बफेक केली आणि पलायन सुरू झाले. चार-पाच लाख हिंदी माणसे दुकाने, घरे, उधाऱ्या मागे टाकून निघाली. कित्येक जण आराकान आणि आसामच्या डोंगरांतून पायी आले. सहस्रावधी लोक वाटेतच रोगाने आणि उपासमारीने दगावले.

मार्च १९४२ मध्ये रंगून सोडताना शत्रूच्या हाती तेल लागू नये म्हणून ब्रिटिश सैन्याच्या आदेशावरून बर्मा ऑइल कंपनीचे तेलसाठे आणि यंत्रसामग्री उद्ध्वस्त करण्यात आली. युद्धानंतर सरकारने ब्रह्मदेशातील नुकसानीपोटी काही रक्कम दिली. परंतु ती हक्क म्हणून नव्हे, तर कृपा म्हणून. कंपनीने ते मान्य न करता दावा लावला. १९६४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. लढाईच्या रणधुमाळीत झालेले नुकसान वेगळे आणि सरकारने जाणूनबुजून प्रजेची मालमत्ता नष्ट केली ते वेगळे; दुसऱ्या प्रकारात भरपाई देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

म्हणजे अखेर 'येणे' मान्य झाले! परंतु आनंद फार दिवस टिकला नाही. पुढल्याच वर्षी, १९६५ मध्ये, पार्लमेंटने युद्धहानी कायदा करून हा हक्कच रद्द केला, आणि तोही मागील तारखेपासून. न्यायालयाने जमेस धरलेली रक्कम कायद्याने खोडून टाकली. एवढी बलाढ्य तेल कंपनी, तिचे नामांकित वकील, आणि तिची ही गत! मग रंगूनच्या बाजारात कापडाचे दुकान मागे टाकून, पोटाशी मूल घेऊन डोंगर ओलांडणाऱ्या आपल्या माणसाने कोणाच्या दारात उभे राहावे?

या तिन्ही प्रसंगांतून एक सूत्र दिसते. पुण्यात न्यायालयाने दार बंद केले. मुंबईत सरकारने आदेश काढून पैसे दिले. लंडनमध्ये न्यायालयाने दिलेला हक्क कायद्याने परत घेतला. प्रत्येक वेळी प्रजेने आपली हानी 'देणे' म्हणून मांडली आणि राज्यकर्त्यांनी ती, दिली तेव्हाही, 'धर्मादा' खात्यातूनच दिली. धर्मादा आणि देणे यांत फरक काय, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. धर्मादा रक्कम किती द्यावयाची, कोणास द्यावयाची आणि केव्हा थांबवायची, हे देणारा ठरवितो. देण्याची रक्कम घेणाऱ्याच्या वहीत आधीच लिहिलेली असते.

कागद असलेले आणि नसलेले

मुंबईच्या स्फोटाकडे पुन्हा वळू. जहाजावरील सोन्याच्या विटांची कथा सर्वश्रुत आहे. ३१ पेट्यांत एकूण १२४ विटा होत्या. प्रत्येकीचे वजन पावणेतेरा किलोच्या आसपास. स्फोटात त्या चहूकडे उडाल्या. गोदीपासून बऱ्याच अंतरावर राहणाऱ्या एका वृद्ध पारशी गृहस्थांच्या घराचे छप्पर फोडून एक वीट आत पडली. त्यांनी ती प्रामाणिकपणे सरकारजमा केली आणि मिळालेले बक्षीसही मदतकार्यास दिले, असे सांगितले जाते. अचौर्याचे व्रत एका वेगळ्या धर्माच्या माणसाने किती सहज पाळले, याचे हे उदाहरण आपणांस भूषणावह वाटले पाहिजे. उरलेल्या विटांपैकी काही तर पुढे १९७० च्या दशकापर्यंत गोदीतील गाळ उपसताना सापडत होत्या.

सोन्याच्या प्रत्येक विटेवर क्रमांक कोरलेला होता, म्हणून ती कोणाची याविषयी कधीच शंका नव्हती. गाळात गेली तरी ती हरवली नाही. कागदावर तिचे नाव कायम होते. व्यापाऱ्याच्या मालाचेही बहुतांशी तसेच. विमा असो वा नसो, त्याच्याकडे आडत्याची चिठ्ठी, रेल्वेची पावती, रोजमेळातील नोंद असे. वही जळाली तरी समोरच्या पेढीच्या वहीत त्याचे नाव सापडत असे. आपल्या वाडवडिलांनी रोज रात्री दिव्याच्या उजेडात मेळ घातल्याशिवाय न झोपण्याची जी शिस्त पाळली, तिचे मोल अशा वेळी कळते.

परंतु त्या दिवशी बेघर झालेल्या ८०,००० माणसांत पेढीवाले किती आणि चाळीतील एका खोलीत दहा जण राहणारे हमाल, गोदी कामगार, गाडीवान, पोटासाठी कोकणातून व घाटावरून आलेले गडी किती? दावा म्हटला की पुरावा आला. त्यांच्याकडे कसला पुरावा? पत्र्याची ट्रंक, दोन पातेली, एक घोंगडी, गावी पाठवायला साठविलेले काही रुपये. यांची पावती कोण करतो? खोली भाड्याची, तीही बहुधा दुसऱ्याच्या नावावर. भरपाईचा कायदा कितीही उदार असला, तरी तो कागदाला भरपाई देतो. आणि ज्याचे नुकसान कागदावर नाही, त्याचे नुकसान झालेलेच नाही, असे हिशेबात ठरते.

हे लिहिताना कोणावर दोषारोप करण्याचा हेतू नाही. कारण हीच चूक माझ्या हातूनही घडलेली आहे, आणि ती सांगितल्याविना हा लेख अपुरा राहील.

आमच्या पेढीतील एक नोंद

सुमारे तीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका रात्री आमच्या दुकानास विजेच्या तारांतील बिघाडामुळे आग लागली. पुढचा भाग वाचला. मागील गुदाम जळाले. दुकानाचा विमा होता. विमा कंपनीचा सर्वेक्षक आला. त्याने साठ्याचे रजिस्टर, खरेदीची बिले, विक्रीकराची विवरणपत्रे मागितली. बी.कॉम.चे शिक्षण त्या दिवशी उपयोगी पडले; सर्व कागद जागच्या जागी होते. काही महिने खेपा घालाव्या लागल्या, थोडी कपात झाली. परंतु दावा मंजूर झाला. मी समाधानाने वहीत नोंद केली.

त्या गुदामात आमचा एक जुना माणूस झोपत असे. माझ्या वडिलांच्या वेळेपासून तो आमच्याकडे गाठी उचलण्याचे काम करी. आग लागली तेव्हा आरडाओरड करून शेजाऱ्यांना जागे करणारा तोच. त्याची ट्रंक आत जळाली. तिच्यात मुलीच्या लग्नासाठी जमविलेले पैसे आणि एक-दोन लहान दागिने होते, असे तो म्हणाला. सर्वेक्षकाच्या यादीत ट्रंक नव्हती. असण्याचे कारणही नव्हते. मी त्याला काही रक्कम दिली. तो ज्या आकड्याविषयी बोलला होता, त्याच्या निम्मीही ती नव्हती. त्याने हात जोडून ती घेतली. मी ती धर्मादा खात्यात लिहिली, आणि त्याबद्दल मला त्या वेळी काहीसा अभिमानही वाटला होता.

आजोबांच्या वहीतील 'सरकारकडे येणे' हे शब्द वाचले तेव्हा तीस वर्षांपूर्वीची ती नोंद आठवली. सरकारने आमच्या दोन गाठींचे पैसे कमी दिले, याची खंत आजोबांनी वटाव लिहून मिटविली. आमच्या माणसाला तर वटाव लिहायला वहीच नव्हती. त्याचे गेले ते आमच्या गुदामात, आमच्या मालाची राखण करताना गेले. ते माझे देणे होते. मी ते धर्मादा म्हणून लिहिले. मोठ्या राज्यकर्त्यांनी जे केले, तेच मी आमच्या छोट्या गुदामात केले.

तो माणूस आता हयात नाही. त्याच्या मुलीच्या घरी मी गेल्या वर्षी जाऊन आलो. उरलेली रक्कम दिली. व्याज कसे धरावे ते ठरविता येईना, म्हणून तिलाच विचारले. ती म्हणाली, "शेठजी, बाबा ही गोष्ट घरी कधी बोललेच नाहीत." संवत्सरीला आपण सर्व जिवांची क्षमा मागतो, परंतु ज्याचे देणे थकले आहे, त्याच्या दारात जाऊन क्षमा मागणे किती कठीण असते, ते मला त्या दिवशी कळले. ही नोंद मी त्याच जुन्या खतावणीत केली आहे. या वेळी योग्य खात्यात.

समारोप

आज व्हिक्टोरिया गोदीच्या परिसरात जाणाऱ्याला त्या स्फोटाची खूण सहजी दिसत नाही. मांडवी पुन्हा उभी राहिली, पेढ्या पुन्हा सुरू झाल्या. व्यापारी समाज राखेतून उभा राहतो, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. त्या उभारणीत सरकारी भरपाईचा वाटा होता, तसाच नातलगांनी दिलेल्या उधारीचा, समाजाने उघडलेल्या दारांचा आणि आडत्याने न बोलता पुढे ढकललेल्या हुंडीचाही होता.

आपल्या ट्रस्टने ५० वर्षे पूर्ण केली. या काळात शिष्यवृत्त्या, औषधोपचार, आपत्तीतील मदत अशी अनेक कामे झाली. त्या सर्वांची नोंद धर्मादा म्हणून होते आणि कायद्याच्या दृष्टीने तसेच योग्य आहे. तरीही पुढील ५० वर्षांसाठी एक विनम्र सूचना करावीशी वाटते. एखाद्या आपत्तीत मदतीची यादी करताना ज्याच्याकडे पावती आहे त्याचे नाव आपोआप येईल. ज्याच्याकडे पावती नाही, त्याच्या घरी आपणच जाऊन विचारावे. तुमच्या ट्रंकेत काय होते, एवढा एकच प्रश्न. आणि तो जे सांगेल, त्यावर विश्वास ठेवून तो आकडा लिहून घ्यावा.

पांझरेच्या तीरावर वसलेल्या आपल्या देवपुरात अशा ट्रंका घरोघरी आहेत. त्या जळण्यापूर्वी, वाहून जाण्यापूर्वी त्यांची दखल घेणारी एक वही आपल्या ट्रस्टकडे असावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रार्थना.

जय जिनेंद्र!